वाजवून घेताना

मार्चअखेर. तांपेरेत अजून बर्फाचा राड.
पायपुसण्यावर बूट आपटत ती आत आली,
सत्तरीच्या पुढची, पाठीवर काळी केस
डोक्याच्याही वर गेलेली.
नाव हिल्क्का सारेला.
किंमत विचारली नाही. म्हणाली, "बघा."

मी बघतो. माझं पोटच त्यावर आहे.
आधी वजन: बेस मांडीवर घेतला की कळतं
लाकूड वाळलेलं आहे की नुसतंच जड.
हा चार किलोच्या किंचित वर. बरा.
मग एक डोळा मिटून मानेवरून नजर सोडायची,
सुतार फळी बघतो तशी.
मान पुढे झुकलेली,
चार तारांनी चाळीस वर्षं ओढलेली.
आतली सळई पाव फेरा फिरवली की येईल जागेवर.
(माझ्या मानेत अशी सळई नाही,
डॉक्टरला विचारून झालंय.)

पडदे: तिसरा, पाचवा खोल खाल्लेले.
बारीक तारेखालचा सहावा मात्र कोरा,
कालच बसवल्यासारखा.
हे मी नुसतं टिपून ठेवलं.

स्क्रू काढून सांधा उघडला.
धडावर एक साल, मानेच्या बुडाशी
पेन्सिलीनं दुसरंच.
बाजारात अशा जोडप्याला निम्मे पैसे.
बटणं फिरवली तर खरखरली,
तापल्या तव्यावर थेंब पडावा तशी;
ते एका फवाऱ्याचं काम.
पण पुलाजवळचा पिकअप मागाहून बसवलेला,
सोल्डरिंग गबाळं, घरगुती.

कागदावर वजाबाकी मांडता मांडता
काहीतरी बोलायचं म्हणून बोललो,
"नवऱ्यानं भरपूर वाजवलाय तुमच्या."

"माझा नवरा अकॉर्डियन वाजवायचा," ती म्हणाली.
"आणि ताल पळवायचा."

तेव्हा दिसलं, जे मघाशीच दिसायला हवं होतं:
हात टेकून रंग उडालेली जागा,
एखाद्या ठेंगण्या माणसाची;
पट्टा शेवटच्या भोकापर्यंत आखडलेला;
आणि तिच्या उजव्या हाताची दोन नखं
पार मांसापर्यंत कापलेली,
बाकीची तीन लाल.
बावीस वर्षं मी लाकडावरचे ओरखडे वाचतोय.

"सोल्डरिंग माझंच. ओरिवेसीच्या वाटेवर,
बँडच्या व्हॅनमध्ये, हातमोजे घालून.
मान पेंटिनेनची.
त्याच्या धडाचं पोरांनी तळ्यात गलबत केलं,
मान तेवढी राहिली."

अँप तापायला अर्धं मिनिट.
तिनं कानानंच सूर लावले, माझ्या यंत्राकडे न बघता,
आणि एक संथ टँगो सुरू केला,
तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवातला,
ज्यात बेसकडे कुणी लक्ष देत नाही
आणि पावलं मात्र त्याचंच ऐकतात.
काउंटरवरची सुटी नाणी सरकू लागली.

सहाव्या पडद्याशी आली की बोट तिथे जायचंच नाही.
शेजारच्या तारेवर पाच घरं वर जाऊन
तोच सूर उचलून आणायचं.

नंतर मी स्वतः दाबून बघितला.
सूर उठला आणि विझला, ओल्या काडीसारखा.
मेलेली जागा. लाकडातच असते, इलाज नाही.
"पहिल्या आठवड्यात कळलं," ती म्हणाली.
"दुसऱ्या आठवड्यापासून हातालाच ठाऊक."

मी म्हणालो, तीनशे दहा.
ती म्हणाली, तीनशे ऐंशी, आणि पट्टा माझा.
तीनशे चाळीसवर आलो.
पावतीत 'दोष' ह्या रकान्यात
सहावा पडदा लिहिला, खोडला,
परत लिहिला. पुढच्याला सांगायला हवं.

पैसे मोजून तिनं खिशात घातले,
मग भिंतीकडे हनुवटी केली:
"तो आखूड काढा. मनगट दुखतं हल्ली."
मांडीवर तोलला. बोटाच्या पेरानं
धडावर दोनदा ठोकलं, कान लावून.
एक डोळा मिटला,
मानेवरून नजर सोडली,
टोकापासून बुडापर्यंत,
आणि बराच वेळ तशीच राहिली.

मी उगाच फडकं शोधत होतो.

"हं," ती म्हणाली.
"दुसरा नाही?"